कानाला न लावलेला नारळ

नारळ फुटला, आणि आतून पाण्याऐवजी अळ्या पडल्या.

पिवळ्याधमक, बोटाच्या पेराएवढ्या आणि जिवंत. केळीच्या पानावर त्या वळवळत पसरल्या तशी पारावरची दीडशे माणसं एकदम मागं सरली, आणि मागच्यांना काही दिसेना म्हणून लगेच पुढंही सरली. दोघींना भोवळ आली. तिसरीनं आपली भोवळ आवरली, कारण तिच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू होता.

"बघा, बच्चालोग, बघा!" विपुलनाथ महाराजांनी कोयती हवेत नाचवली. "पोरीच्या पोटातली बला! एक्स-रेत दिसते? न्हाय! सोनोग्राफीत दिसते? न्हाय! नाथांच्या नजरेला मशीन लागत न्हाय, आणि लाइट बिलही येत न्हाय!"

लोक हसले. घाबरलेल्या माणसाला हसवलं की तो निम्मा आपला होतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. उरलेला निम्मा अळ्यांनी झाला.

काळूराम मात्र हसला नाही. चटईवर पाय पोटाशी घेऊन पडलेली भावना त्याची मुलगी होती. वय सोळा. काल सकाळपासून तिच्या पोटात कळा येत होत्या. ओकाऱ्या आणि तापही होता. महाराजांनी तो नारळ तिच्या पोटावरून सात वेळा उतरवला होता आणि स्वतःच्या हातानं फोडला होता.

नारळ उतरवण्याआधी काळूरामचा हात सवयीनं पुढं गेला होता. तीस वर्षं तो नागावच्या आसपासच्या वाड्यांमधून माडावर चढून नारळ पाडत होता. नारळ हातात आला की तो आपोआप कानाशी जायचा. पाणी वाजलं तर पाण्याचा. आत खोबरं सुकून सुटलं असेल तर गोटा खुळखुळायचा. पण महाराजांनी त्याच्या हातावर फटका मारला होता.

"मंत्राचा नारळ कानाला लावायचा न्हाय! बहिरा होशील!"

ज्या आळीतलं तीन वर्षांचं पोरसुद्धा दुकानातला नारळ हलवून घेतं, त्या आळीतल्या दीडशे माणसांना हे पटलं. कोणालाच बहिरं व्हायचं नव्हतं.

"महाराज, कुनी केली हो ही करनी?" काळूरामची बायको सत्यवती पाया पडली.

महाराजांनी डोळे मिटले. "बाईमाणूस हाय. एकटी हाय. देव मानत न्हाय. घरात... घरात अळ्या पाळते!"

मतदार यादीतही माणसाचं इतकं चोख वर्णन नसतं. सगळ्यांच्या माना एकदम पाराच्या पलीकडच्या कौलारू घराकडं वळल्या.

त्या घरात कमळ राहायची. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेली. नवरा वारलेला, दारात बुद्धाची लहानशी मूर्ती, अंगणात बावीस गावठी कोंबड्या. त्या कोंबड्यांसाठी ती अळ्या पाळायची, आणि लपूनछपून नाही. कपाटात सहा उथळ ट्रे होते. ट्रेमध्ये गव्हाचा कोंडा, ओलाव्यापुरत्या गाजराच्या चकत्या आणि वर मूठभर कुटलेला जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. अळीचा कोष व्हायचा, कोषातून काळा भुंगेरा निघायचा, भुंगेरा कोंड्यात अंडी घालायचा आणि पुन्हा अळ्या. कमळ त्यांना मीलवर्म म्हणायची, आळी 'कमळच्या अळ्या' म्हणायची. तिनं चाळणी हातात घेतली की कोंबड्या मान ताणून धावत यायच्या. आळीतल्या निम्म्या चुलींवर तिचीच अंडी शिजली होती, आणि पिवळा बलक कसा केशरी असतो याचं कौतुकही झालं होतं. त्या दिवशी ते कोणाला आठवलं नाही.

आदल्या दिवशी कमळ आपण होऊन काळूरामच्या घरी गेली होती. भावनाच्या पोटाला उजवीकडं खाली तिनं हात लावला, हळू दाबला आणि झटकन उचलला. पोर किंचाळली.

"दाबल्यापेक्षा सोडल्यावर जास्त दुखतं, बघितलंस? काळूराम, हे अपेंडिक्स असणार. आत्ताच्या आत्ता अलिबागला ने."

"म्हंजे पोट फाडतील?"

"फाडतील आणि शिवतील."

"पोरीच्या पोटावर वन राहील," सत्यवती म्हणाली. "लगीन कसं जमंल? उद्या महाराज येनार हायेत. एक दिस थांबू."

काळूराम थांबला. एक दिवस.

आता त्याच्या हातात पोफळीचा दांडका होता, आणि मागं दीडशे माणसं.

कमळ दारातच उभी होती, चाळणी हातात. एवढी गर्दी बघून तिनं विचारलं ते एवढंच, "काळूराम, पोरगी कुठाय?"

"तुला म्हाईत न्हाय व्हय? चेटकीन!"

त्यानं दांडका हाणला. तिनं डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. मनगट मोडल्याचा आवाज मात्र माडाचं सुकलेलं झाप पायाखाली यावं तसा अंगणभर ऐकू आला. दुसरा फटका खांद्यावर बसला. मग बाकीच्यांचे हात मोकळे झाले. पहिला फटका मारायलाच काय ती हिंमत लागते, नंतरचे फुकट असतात. कोणी तिचे केस धरून तिला अंगणात ओढलं, कोणी कमरेत लाथ घातली. कालपर्यंत जिला ते ताई म्हणत होते तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं, तेव्हा एक बाई ओरडली, "बघा, काळं रगत हाय!" ते लालच होतं. जवळच्या चौघांनाही ते काळं दिसलं.

पोरांनी कोंबड्या धरल्या. माना पिरगळून एकेक भिंतीवर आपटली. पांढऱ्या भिंतीवर अकरा डाग पडले. कपाट उलथलं, ट्रे फुटले, कोंडा उडाला आणि हजारो अळ्या शेणानं सारवलेल्या अंगणात पसरल्या. आणि मग एक गंमत झाली. वाचलेल्या कोंबड्या पळून जायच्या सोडून परत आल्या, आणि मेलेल्या बहिणींच्या मधून फिरत त्या भुताच्या अळ्या टपाटप टिपू लागल्या. ढेकर देण्यापलीकडं त्यांना काही झालं नाही.

"आरं, कोंबड्या खातात की त्या!" कोणीतरी म्हणालं.

"चेटकिणीच्या कोंबड्या त्या!" महाराज गरजले. उत्तर मिळालं. प्रश्न मिटला.

कमळनं रक्त थुंकलं. "माझ्याच अळ्या आहेत त्या..."

"कबूल झाली! कबूल झाली!"

"...मी विकल्यात. त्या प्रज्योतला, महाराजांच्या..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. वाक्याचा हवा तेवढा तुकडा गर्दीनं उचलला होता. तिला आंब्याला बांधलं. एकानं मोटरसायकलच्या टाकीत नळी घालून पाण्याची बाटली भरायला घेतली. आत पाणी जात नव्हतं, पेट्रोल जात होतं.

"अजून शंका असेल कोणाला," महाराज म्हणाले, "तर हिच्याच अंगावरून नारळ उतरवतो! प्रज्योत, पोतडी आण!"

प्रज्योत म्हणजे महाराजांचा बुटका चेला. तो गर्दीतून वाट काढत होता, तेवढ्यात दोघे त्याच्यावर रेलले, पोतडी निसटली, आणि शेंडीवाले चार नारळ अंगणात गडगडले. एक काळूरामच्या पायाशी येऊन थांबला.

काळूरामनं तो उचलला. देवाचा म्हणून नाही, चमत्कार तपासायचा म्हणूनही नाही. नारळ पायाशी पडला होता आणि तीस वर्षं पायाशी पडलेला नारळ उचलणं हेच त्याचं काम होतं. उचलला तसा हात कानाशी गेला आणि हलला.

तो थबकला. पुन्हा हलवला.

पाणी वाजत नव्हतं. गोटाही खुळखुळत नव्हता. आत फक्त सरसर होतं, पिठाच्या डब्यात उंदीर फिरावा तसं.

"कानाला लावू नको! बहिरा होशील!" महाराज ओरडले. आवाज चिरकला होता.

"बहिरा आधीच होतो, आता ऐकू येतंय," काळूराम हळूच म्हणाला. "हा नारळ मुका हाय."

"काय?"

"मुका! पानी न्हाय, गोटा न्हाय. असा नारळ माडाला लागत न्हाय!" त्यानं अंगठ्यानं शेंडी ओढली. ती उपटावी लागलीच नाही, सबंध हातात आली. डिंकानं चिकटवलेली होती. खाली नारळाचे तीन डोळे. दोन जसे असतात तसे, आणि तिसऱ्यात मेणाचं बूच.

त्यानं कंबरेची कोयती काढली आणि एकाच घावात नारळ उभा फोडला. गव्हाचा कोंडा सांडला. कोंड्यातून अळ्या. अळ्यांबरोबर गुलाबी, कुटलेला जवळा, आणि त्यातल्या अख्ख्या राहिलेल्या दोन-चार जवळ्यांचे काळे टिपके डोळे टकामका बघत होते. वास अख्ख्या आळीच्या ओळखीचा होता.

"ही... ही तिचीच करणी!" महाराज म्हणाले. "तिनं मंत्रानं आत धाडल्या!"

"करनीनं आत गेल्या?" काळूराम त्यांच्या अंगावर गेला. "मग भोक कशाला पाडलंस? करनीला भोक लागतं? बुजवायला मेन लागतं? अळ्यांनी वाटंत खायला कोंडा बांधून आनला? आनि एकादशी धरनाऱ्या नाथाच्या नारळात जवळा कुठनं रं?"

उरलेले तीन नारळ तोवर तिघांनी उचलले होते. दीडशे माणसांच्या देखत तीन हात तीन कानांशी गेले.

"माझा पन मुका!" एक म्हातारी म्हणाली.

"ही दाण्यातली कीड आहे," आंब्याला बांधलेली कमळ म्हणाली. आता शांतता होती, म्हणून ते ऐकू गेलं. "कोरड्या कोंड्यात जगते. माणसाच्या पोटात गेली तर पचते, राहत नाही. परवा प्रज्योत आला. लव्हबर्ड पाळतो म्हणाला, पाव किलो घेऊन गेला. डबा माझाच आहे, झाकणावर माझं नाव आहे. पोतडीत बघा."

डबा पोतडीत होता. झाकणावर निळ्या पेननं लिहिलं होतं, कमळ.

मग जे व्हायचं तेच झालं. पहिला फटका कोणी मारला ते कळलं नाही. तेच दांडके, तेच हात, फक्त पाठ बदलली. महाराजांचं नाक फुटलं, भगवी कफनी फाटली, प्रज्योतचे दोन दात कोंड्यात पडले. पेट्रोलची बाटली आता दुसऱ्या बाजूला निघाली. आणि काळूरामनं कोयती पुन्हा वर धरली.

"थांब, काळूराम!" कमळ किंचाळली. "मला मारताना तुम्ही विचारलं नाहीत. आता त्याला मारतानाही विचारत नाही. त्याला जिवंत ठेवा, पोलिसांपुढं बोलायला तो पाहिजे. आणि पोरगी! अरे, पोरगी तिकडं मरतेय!"

कोयती खाली आली, ती कमळचे दोर कापायला. काळूरामनं महाराजांची गचांडी धरली. "गाडीची चावी."

महाराजांनी चावी दिली. त्या दिवशी त्यांच्या खिशातून निघालेली ती एकच खरी वस्तू.

महाराजांच्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर भावना झोपली होती, डोकं कमळच्या मांडीवर. कमळचा उजवा हात टॉवेलात बांधलेला, डाव्या हाताची बोटं पोरीच्या नाडीवर. पुढं स्टिअरिंगवर काळूराम, आणि शेजारी सत्यवती हमसून रडत होती. गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली.

"जोरात चालव," कमळ म्हणाली. "नाडी पळतेय."

अपेंडिक्स फुटलं होतं. शल्यविशारद दोन तासांनी बाहेर आले, मास्क काढला आणि म्हणाले, "वाचेल. पण काल का नाही आणलीत?"

"येक दिस थांबलो," काळूराम म्हणाला.

मग डॉक्टर कमळकडं वळले. "हा हात कशानं मोडला?"

कमळनं टॉवेलाची गाठ आवळली. तिनं काळूरामकडं पाहिलं नाही. तिला त्याला वाचवायचं नव्हतं, आणि बुडवायचा कंटाळाही आला होता.

"मी मोडला," काळूराम म्हणाला. "दांडक्यानं. लिव्हा. काळूराम, आनि सोबत दीडशे जन. नावं मी सांगतो."

आणि त्यानं सांगितली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली महाराज आणि चेला आत गेले. मारहाणीच्या गुन्ह्यात काळूरामसकट अकरा जण गेले. योगायोग असा, की कोंबड्याही अकराच मेल्या होत्या.

जामिनावर सुटून आल्यावर त्यानं पारावर सगळ्यांना बोलावलं. तो भाषण करणारा माणूस नव्हता.

"मला शाळा न्हाय," तो म्हणाला. "येक गोष्ट येती. नारळ हलवून बघायची. त्या दिशी तेवढीच केली न्हाय. का? तर त्यानं नको म्हनून सांगितलं. जो मानूस हलवू नको म्हनतो, त्याचाच आधी हलवा. देवाचं नाव घ्या, नका घेऊ. पन आधी कानाला लावा. मानूस मारायच्या आधी तर लावाच. आनि पोट दुखलं तर दवाखान्यात जा. एवढंच."

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखं काही नव्हतंच.

कमळचं मनगट वाकडं जुळलं. कपाटाच्या मागं कोंड्याच्या ढिगात काही काळे भुंगेरे वाचले होते. तिनं डाव्या हातानं नवा ट्रे मांडला, गाजराच्या चकत्या ठेवल्या आणि वर जवळा भुरभुरला. महिन्याभरात त्यात पुन्हा बारीक अळ्या वळवळायला लागल्या. भावना पोटावरचा वण घेऊन रोज चाळणी धरायला येऊ लागली.

एका सकाळी काळूराम दारात आला. खांद्यावरून नारळांची गोणी उतरवली आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत ये असं तिनं म्हटलं नाही. त्यानं अपेक्षाही केली नव्हती.

कमळ खाली बसली. एकेक नारळ उचलून कानाशी नेला, हलवला, ऐकला. बारा बाजूला ठेवले. तेरावा परत त्याच्याकडं सरकवला.

काळूरामनं तो घेऊन आपल्या कानाला लावला, आणि मान डोलावली.

"बरोबर हाय, ताई," तो म्हणाला. "माझा असला तरी हलवूनच घ्यायचा."