केसाएवढ्या रेघा

नाट्यगृहाने शाईची अक्षरं एकदाची पसंत केली तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. झालं एवढंच, की ती खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. शाई हे तिचं घरातलं नाव. लहानपणी तिचे हात कधीच स्वच्छ नसत, म्हणून बाबांनी ठेवलेलं. मोठेपणी धंदाही तिने तसाच धरला. छपाईसाठी नव्या वळणाची अक्षरं घडवायची, आणि गिऱ्हाईक जितक्यांदा नाक मुरडेल तितक्यांदा पुन्हा घडवायची.

हे अक्षर मोठं दिमाखदार होतं. उभे दांडे खांबासारखे जाड, त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या, आणि टोकांना सपाट पाय, त्यांना सेरिफ म्हणतात. त्याचा सगळा तोरा जाड आणि बारीक यांच्यातल्या फरकात. नाटकाच्या जाहिरातीवर, मासिकाच्या मुखपृष्ठावर, अत्तराच्या दुकानावर असं अक्षर लावलं की येणाऱ्याजाणाऱ्याची मान आपसूक वळते. नाट्यगृहाचे व्यवस्थापक दर खेपेला एकच सांगत: जाड आहे ते आणखी जाड करा, बारीक आहे ते आणखी बारीक. वर्षभर तिने तेच केलं होतं.

इकडे घरी बाबांची नजर मंदावत चालली होती. शाई दिवसभर कामावर, त्यामुळे दादाचं म्हणणं की बाबांना आपल्याकडे न्यावं. बाबांना स्वतःची खिडकी आणि स्वतःची शेगडी सोडवत नव्हती. शेवटी ठरलं, की हाताने रांधून खाता येतंय, औषधं नीट घेता येतायत, तोवर त्यांनी इथेच राहावं. म्हणून शाईने स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. हाताशी नाट्यगृहाचंच अक्षर होतं, त्यातच छापल्या. एवढं जाड अक्षर म्हणजे दिसणारच, असं तिच्या दमलेल्या डोक्याने धरून चाललं. बाबा म्हणाले, वा, झकास. आणि तेव्हापासून ते मीठ, साखर, डाळ बिनचूक काढत राहिले.

त्या रविवारी दादा-वहिनी आले. वहिनीला रिकामं बसवत नाही. तिने फडताळ पुसून काढलं आणि डबे आपल्या सोयीने परत मांडले. मग भाजी शिजायला घातली, तर बाबांनी तिला ऐटीत बाजूला केलं, पाहुण्यांनी बसायचं असतं म्हणाले. डबा उचलला, चिठ्ठीवर नजर फिरवली, चमचा भरला. दादाने त्यांचं मनगट धरलं. डब्यात धुण्याचा सोडा होता.

"बाबा, यावर काय लिहिलंय?"

बाबांनी डबा जवळ नेला, लांब धरला. "मीठ," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

दादाने डबा काढून घेतला. आत गेला, कपाटावरची बॅग काढली आणि बाबांचे सदरे तिच्यात भरू लागला.

शाई बाबांच्या समोर बसली. "दिसत नव्हतं तर बोलला का नाहीत?"

"दिसतं की. काळे खांब दिसतात, ओळीने, कुंपण घातल्यासारखे. मधलं काही दिसत नाही. कुठला डबा कुठे असतो ते पाठ होतं मला." ते जरा थांबले. "वर्षभर झिजलीस गं त्या अक्षरांपायी. ती माझ्या कामाची नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

शाईला लगेच उमगलं. खांब तर सगळ्या अक्षरांचे सारखेच. एक अक्षर दुसऱ्याहून वेगळं होतं ते त्या रेघांनी, आणि त्या तर तिनेच तासून तासून केसाएवढ्या केल्या होत्या.

तिने ओट्याशेजारच्या टेबलावर संगणक उघडला आणि दादाला थांबायला सांगितलं. तो दारात उभा राहिला. "थांबतो. पण माझी समजूत काढू नकोस, शाई. त्यांना वाचता आलं पाहिजे."

मग तिने सगळं उलटं करायला घेतलं. रेघा जाड केल्या, खांब छाटले, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा केली, पाय आखूड केले. छापून बाबांपुढे धरलं. यावेळी त्यांनी अंदाज ठोकला नाही. हे गोल आहे की बसकं, कळत नाही म्हणाले. तिने पुन्हा रेघ वाढवली, पुन्हा छापलं. पाठ दुखत होती. भाजी अळणीच शिजून गार झाली. वहिनीने सगळ्यांना चहा दिला.

शेवटी दादाने स्वतः डब्यांना नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डबे वाटेल तसे समोर मांडले. बाबा पहिलीतल्या मुलासारखं अक्षर अक्षर जुळवत गेले.

"धु-ण्या-चा सोडा. साखर. हे मीठ. आणि हा चहा, हलका लागतोय, संपत आलाय वाटतं." त्यांनी डबा खाली ठेवला. "दिसायला मात्र अगदी बेढब आहेत हं ही."

"हो," शाई म्हणाली.

दादा डबे जागेवर ठेवू लागला. औषधांच्या बाटल्या राहिल्यात की, म्हणाला. त्याही करायच्या आहेत, एवढं बोलून शाईने टेबलावर डोकं टेकलं. तिला उठवत नव्हतं. दादाने खुर्ची ओढली आणि कात्री मागितली. आतल्या खोलीत वहिनी बॅगेतले सदरे एकेक करून पुन्हा कपाटात लावत होती.