एझ्रा टॉलिव्हरचा पहिला सामना

आदल्या दिवशीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना हेरन्स संघाने जिंकला होता आणि न्याहारीच्या खोलीत जो तो एझ्रा टॉलिव्हरचं नाव घेत होता. अंडी वाढणारी बाईसुद्धा. लायल क्रुपा कॉफीचा मग घेऊन खिडकीशी बसला होता, आणि कौतुक जसजसं कानावर पडत होतं तसतसा त्याचा चेहरा आंबट होत चालला होता.

ऑगस्टमधल्या या सराव सामन्यांना तसा काही अर्थ नसतो. जिंकलात काय, हरलात काय, खरा हंगाम सुरू झाला की कुणाला आठवत नाही. ते असतात नवी पोरं पारखायला, आणि पारखणं हेच लायलचं काम होतं. तरुणपणी तो स्वतः खेळायचा. गुडघे गेले, तेव्हा संघाने त्याला अंधाऱ्या खोलीत चित्रफिती बघायला बसवलं. तिथे बसून बसून त्याची नजर अशी झाली होती, की चांगलं काही दिसलं तर आधी त्यात खोट कुठे आहे ते तो शोधायचा. बहुतेक वेळा ती सापडायची.

एझ्रा हा संघातला तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. टेक्सासातल्या कुठल्याशा धुळकट गावचा, कुणी नाव न ऐकलेल्या कॉलेजातून आलेला. मितभाषी. बोलताना शब्दांची टोकं खायचा. तिकडची बोली असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. मध्यंतरानंतर त्याला राखीव पोरांबरोबर मैदानात सोडलं. क्वार्टरबॅकने चाल सांगायची, चेंडू फेकायचा, आणि अंगावर धावून येणाऱ्या दांडगटांकडे लक्ष न देता हे सगळं डोक्यात जुळवायचं. पहिल्याच सामन्यात नवख्या पोराचं डोकं हमखास बधिर होतं. एझ्राचं झालं नाही. समोरचे टिंबरमेन ज्या बाजूने जादा माणूस धाडणार, त्या बाजूची मोकळी जागा याला आधीच ठाऊक असल्यासारखी. ऐनवेळी चाल बदलायचा आणि चेंडू नेमका तिथे टाकायचा. एकदा नाही, परत परत.

"काय रे लायल, दूध नासलं का कॉफीतलं?" डेझ टिल्मन ताट घेऊन समोर बसला. क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक तो. दोघांची दोस्ती जुनी. सरावशिबिर संपलं की दर शुक्रवारी तळ्याकाठच्या टपरीत तळलेल्या पर्च माशाचं सँडविच खायला दोघं बरोबर जायचे.

"तुझं पोरगं छान खेळलं," लायल म्हणाला.

"हे बोलताना दात दुखतायत तुझे."

"त्याला कसं कळत होतं, डेझ?"

डेझने पावाला लोणी लावलं. नीट, कडेपर्यंत. "डोळे आहेत त्याला," तो म्हणाला आणि विषय बदलला.

लायलला ते लोणी लावणं खटकलं.

तो तडक आपल्या खोलीत गेला, पडदे ओढले आणि सामना लावला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. चेंडू हातात यायच्या आधी एझ्राची मान एकदा समोरच्या बचावाच्या कप्तानाकडे वळायची. बोमन नावाचा तो आडदांड गडी आपल्या पोरांना ओरडून जागा दाखवत असायचा. यात नवल नव्हतं, सगळेच क्वार्टरबॅक तिकडे बघतात. मग लायलने दुसऱ्या कॅमेऱ्याची फीत लावली, मैदानाच्या कडेची. तिथे डेझ उभा होता. प्रत्येक चालीआधी डेझ टोपीच्या कडेला दोन बोटं लावत होता, आणि मैदानातून एझ्रा हेल्मेटवर टिचकी मारत होता. मध्यंतरानंतर शेवटपर्यंत, न चुकता.

क्वार्टरबॅकच्या हेल्मेटात स्पीकर असतो, त्यातून प्रशिक्षक चाल सांगतो. पण चेंडू उचलायच्या बऱ्याच आधी तो बंद होतो; त्यानंतर पोराने स्वतःच्या अकलेवर खेळायचं. मग या खुणा कसल्या? आणि आता लायलला आणखी एक आठवलं. सामन्याआधी डेझ मैदानाच्या मधोमध टिंबरमेनच्या लूमिस नावाच्या प्रशिक्षकाशी हसत बोलत उभा होता. हा लूमिस गेल्या वर्षापर्यंत एझ्राच्या कॉलेजात प्रशिक्षक होता. डेझच्या लग्नात त्याने करवल्याचं काम केलं होतं.

समोरच्याच्या घरातला माणूस फितवायचा, त्यांच्या चाली आधी काढून घ्यायच्या, कडेवरून बोटांनी पोराला सांगायच्या आणि पोराचं नाव करायचं. पोराचं नाव झालं की प्रशिक्षकाचंही होतं. लायलच्या डोक्यात ही सगळी साखळी इतकी पटापट जुळली, की तिचं त्यालाच जरा भय वाटलं. डेझला विचारावं, असं एकदा मनात आलं. पण तो पुन्हा लोणी लावत बसेल, आणि आपण विचारलं म्हणून सावध होईल. लायल उठला आणि रॅटिगनबाईंकडे गेला.

गेल रॅटिगन संघाचा सगळा कारभार बघत. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच लोक त्यांना टरकून असत. त्यांनी फीत बघितली. टोपी, टिचकी, टोपी, टिचकी.

"तुझी खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"खुणा आहेत, एवढी खात्री आहे. कसल्या, ते पोराकडून काढतो."

"लवकर काढ. हे बाहेरून कुणी काढलं, तर आपण सगळे गेलो."

लायलने एझ्राला बोलावणं धाडलं. पोरगं आलं, केस ओले, हातात केळं. लायलने त्याला पडद्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्याच्या मागे उभा राहिला. हा त्याचा नेहमीचा डाव; माणसाला तुमचा चेहरा दिसला नाही, की तो लवकर बोलतो. दिवे मालवले. पडद्यावर बोमन ओरडत होता, एझ्रा मान वळवत होता.

"ही चाल तू का बदललीस?" लायलने विचारलं.

एझ्राने केळं सोललं.

"एझ्रा, मी तुला विचारतोय. जादा माणूस डावीकडून येणार, हे तुला कुणी सांगितलं?"

पोरगं पडद्याकडे बघत शांतपणे खात होतं. लायलची कानशिलं तापली. असला निगरगट्टपणा त्याने मुरलेल्या खेळाडूंतही पाहिला नव्हता.

"टिल्मनने सांगितलं का? तोंड उघड. मी बाईंकडे जाऊन आलोय, आता गप्प बसून सुटका नाही तुझी."

काही नाही. लायलने त्याच्या खांद्यावर हात टाकला, जरा जोरातच. एझ्रा असा दचकला की केळं खाली पडलं. त्याने वळून बघितलं. चेहऱ्यावर निगरगट्टपणाचा मागमूस नव्हता. शाळेत झोप लागलेल्या पोराला मास्तरांनी उठवावं, तसा चेहरा.

"सर, तुम्ही काही म्हणालात का?"

लायल बघत राहिला. पडद्याच्या निळ्या उजेडात पोराची नजर त्याच्या डोळ्यांवर नव्हती. ती जरा खाली होती, तोंडावर.

"दिवा लावता का, सर?" एझ्रा हळूच म्हणाला.

लायलने दिवा लावला. मग स्वतःला पटवायला म्हणून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "तुझ्या बुटाची नाडी सुटलीय." वळून बघितलं तर एझ्राचे पाय जागच्या जागी, आणि डोळे मिटलेले. काय चाललंय ते त्याला समजलं होतं.

"कधीपासून?" लायलने आता समोर येऊन, सावकाश विचारलं.

"लहानपणी मेंदूचा ताप आला होता. डावा कान तेव्हाच गेला. उजव्याने थोडं येतं, मोठं असलं तर. हेल्मेटातलं येतं. कॉलेजात सगळं फलकांवर आणि हातवाऱ्यांनी चालायचं, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. इथल्या डॉक्टरांनी ऐकू येतं का म्हणून विचारलं. त्यांच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणालो."

"आणि डेझ?"

"त्यांनी शिबिराच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं. टोपीला बोटं लावली की 'चाल ऐकू आली का?'. मी टिचकी मारली की 'आली'. एवढंच, सर."

लायलने पडद्याकडे बोट दाखवलं. "मग हे?"

एझ्राने रिमोट मागितला. बोमनचा चेहरा पडद्यावर थांबवला. दातांवरची रबरी पट्टी हेल्मेटच्या जाळीला लोंबत होती आणि तोंड सताड उघडं होतं. "हा पट्टी काढून ओरडतो. इथे म्हणतोय, 'डावीकडून, तू आत घूस.' आणि पुढच्या वेळी..." त्याने फीत सरकवली. "'दोघंही, दोघंही.' मला कुणी सांगायची काय गरज? तोच सांगतोय."

लायलला क्षणभर हसू आलं, आणि पाठोपाठ जुनी खोड उसळली. हे पोराने रचलेलं असलं तर? आपल्याला पढवून ठेवलेलं असलं तर?

खोलीच्या दाराला काचेची उभी पट्टी होती. पलीकडे, लांब व्हरांड्याच्या टोकाला रॅटिगनबाई सुरक्षा बघणाऱ्या माणसाशी बोलत उभ्या होत्या. इथे त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

"त्या काय म्हणतायत, सांग."

एझ्रा काचेशी गेला. जरा वेळ बघितलं. मग त्याचा रंग उतरला.

"म्हणतायत, 'टिल्मनला त्याच्या खोलीतून बाहेर घ्या. फोन आणि कॉम्प्युटर आधी ताब्यात घ्या. त्याला कुणाशी बोलू देऊ नका.'" तो वळला. "सर, त्यांनी काय केलंय?"

त्या गुडघ्यांनी लायल कित्येक वर्षांत पळाला नव्हता, आता पळाला. पण सुरक्षेवाला जवळच्या जिन्याने केव्हाच उतरला होता. लायल बाईंना सगळं सांगून खाली पोचला, तोवर डेझ व्हरांड्यात उभा होता, हात बाजूला सोडून, आणि दुसरा कुणी त्याच्या टेबलाचे खण उघडत होता. राखीव पोरं दारांतून डोकावत होती.

रॅटिगनबाईंनी स्वतः येऊन सगळं थांबवलं. डेझची माफी मागितली, सगळ्यांदेखत. मग त्याला आत नेऊन, खेळाडूच्या तब्येतीची गोष्ट लपवली म्हणून कडक शब्दांत झापलंही. दोन्ही त्याने सारख्याच चेहऱ्याने ऐकून घेतलं.

एझ्राने मुख्य प्रशिक्षकाकडे जाऊन आपणहून सांगितलं. लायलने त्याला एवढंच म्हटलं होतं, "हे तू सांग. माझ्या तोंडून गेलं तर ते पुन्हा चहाडीसारखं होईल." कानांची नीट तपासणी झाली, डॉक्टरांनी खेळायला हरकत घेतली नाही, आणि ओठ वाचू नयेत असा काही नियम नव्हता.

राहिलं लायलचं काम. पोरगं कसं आहे, हे त्याला अजून लिहून द्यायचं होतं. त्याने पुन्हा सामना लावला आणि बोमनच्या तोंडावरून कळलेल्या सगळ्या चाली बाजूला काढल्या. उरलेल्या बघितल्या. त्यांत एझ्रा साधारणच होता. पाय जड, चेंडू हातात जास्त वेळ धरून ठेवायची सवय, दोनदा मोकळा गडी दिसलाच नव्हता. पण एक चाल होती. बोमन पाठ करून उभा होता, काही कळायला मार्ग नव्हता, आणि तिघं एकदम अंगावर आले होते. एझ्रा हलला नाही. शेवटपर्यंत थांबला, चेंडू सोडला आणि मग आडवा झाला. चेंडू पोचला होता. लायलने ती चाल कितीदा बघितली कुणास ठाऊक. लबाडी शोधत होता. ती नव्हती. त्याने लिहिलं: "अजून कच्चा. कान नाहीत, हे खरं. भीतीही नाही. ठेवावा."

ठेवला. बातमी अर्थातच फुटली. हंगाम सुरू झाला तेव्हा समोरचे गडी तोंडावर हात धरून ओरडू लागले, आणि एझ्राला इतरांसारखंच, पायांवरून आणि खांद्यांवरून ओळखायला शिकावं लागलं. नोव्हेंबरात पहिल्या दोन क्वार्टरबॅकांना दुखापत झाली तेव्हा त्याला मैदानात जावं लागलं. पहिला सामना हरला, वाईट हरला. पुढचे दोन जिंकला.

डेझकडे लायल झडती झाली त्याच आठवड्यात गेला होता. डेझ फळ्यावर चाली आखत होता.

"मला वाटलं..." लायलने सुरुवात केली.

"तुला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. माझे खण उचकले गेले, तेव्हा कळलं."

"तूही सांगितलं नाहीस. सकाळी विचारलं तेव्हा लोणी लावत बसलास."

"कसं सांगणार? गुपित त्याचं होतं, माझं नव्हतं." डेझने खडू खाली ठेवला. "तुझ्या नजरेवर माझा राग नाही, लायल. खुणा होत्या, त्या तू बघितल्यास. पण जिना उतरून बाईंकडे गेलास. माझी खोली त्यांच्याच ओळीत आहे. दारावरून गेला असशील."

लायल दारावरूनच गेला होता. दार उघडं होतं, आणि आत डेझ फोनवर हलक्या आवाजात बोलत होता, बायकोशी बोलताना बोलतो तसा, हे त्याला आता लख्ख आठवलं. त्या वेळी त्याला वाटलं होतं, पलीकडे लूमिस असेल.

"सॉरी, डेझ."

"बरं," डेझ म्हणाला, आणि फळ्याकडे वळला. लायल निघाला, आणि जाताना दार लावावं की उघडं ठेवावं, हे न कळून ते अर्धवट ओढून घेतलं.