पाचपैकी चार

धाकट्या भावाचा हात दुसऱ्या कुणी तपासावा, हे तिला पटलंच नव्हतं. वीस वर्षं फिजिओथेरपीत घालवलेली बाई ती. पेशंटचा हात दाबून जोर किती ते सांगण्यात आपल्या तोडीचं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगायची.

भाऊ सुतार. फळ्यांची चळत अंगावर कोसळली आणि दंडातली नस चेचली. सर्जन म्हणाले, सहा महिन्यांत कोपराचा जोर पाचपैकी चारवर आला तर ऑपरेशन नको. नाही आला तर लगेच करू. वर्ष उलटल्यावर उपयोग नाही. दर पंधरवड्याला ती त्याला कोपर वाकवून धरायला लावायची आणि मनगटावर दाबायची. आधी तीन, मग साडेतीन, सहाव्या महिन्यात चार. ऑपरेशन रद्द झालं, घरच्यांचा जीव भांड्यात पडला.

आता तेरावा महिना. रंधा अजून त्याला पेलत नव्हता. "अंगचोर झालायस नुसता," ती चिडवायची.

आज दवाखान्यात नव्यानेच लागलेल्या डॉक्टरीणबाईंनी सहज त्याचा हात दाबला. तो झटकन खाली गेला.

"तीनच आहे, ताई."

"काल आलीस आणि मला शिकवतेस?" तिचा पारा चढला. तिने जोर मोजायचं यंत्र काढून भावाला दाबायला लावलं. सात किलो. फाइलीतला पहिल्या महिन्याचा आकडाही सातच.

यंत्रच बिघडलंय, म्हणत तिने ते भिंतीला टेकवून स्वतः दाबलं. सहा. डॉक्टरीणबाईंनी दाबलं. अठरा. तिने पुन्हा दाबलं. साडेपाच.

तिने यंत्र खाली ठेवलं. त्याचा हात सुधारलाच नव्हता. तिचाच जोर महिन्यामहिन्याने कमी होत गेला होता, आणि ती त्याचे गुण वाढवत राहिली होती. हल्ली कुलपात किल्ली फिरवायला दोन्ही हात लागायचे, तेही तिने वयावर ढकललं होतं.

"मग आता करून टाकू ना ऑपरेशन?" भावाने विचारलं.

"नाही रे. वेळ गेली. मी घालवली."

त्याने तिच्यासमोर कोपर वाकवून धरलं. "दाब."

"कशाला आता?"

"दाब म्हणतो ना!"

तिने दातओठ खाऊन, पाय जमिनीत रोवून, होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबलं. त्याचा हात जागचा हलला नाही.

"तायडे," तो घाबरून म्हणाला, "तुला काय झालंय गं?"