मनगटापर्यंतची थप्पी

घरात तिचं नाव भोपळी. शाळेत गणितात भोपळा मिळाला तो मिळालाच, पण पंचेचाळिशी गाठली तरी आकडे काही तिला वश झाले नाहीत. दहा-बारापर्यंत ठीक, पुढे सगळा सावळा गोंधळ. तिच्या दादाला हा आयताच विनोद सापडला होता. पाहुणे आले की तो मुद्दाम ओरडायचा, "भोपळे, माणसं मोजून चहा टाक गं!" सगळे खो-खो हसायचे आणि वहिनी सगळ्यांत जास्त.

नवरा गेल्यापासून ती दादाकडेच राहत होती, स्वयंपाकघरात अंथरूण टाकून. तिला एकच हवं होतं, आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली. गल्लीतली शिंपीण मागची खोली द्यायला तयार होती. "पण तीन महिने नोकरी टिकवून दाखव," असं तिने बजावलं होतं.

वहिनीला घरकामाला हात हवा, म्हणून नोकरी अर्ध्या दिवसाचीच हवी. दुकानात जावं तर सुटे पैसे, औषधवाल्याकडे गोळ्या, पार्सलवाल्याकडे वजनं. जावं तिकडे आकडे आपले दत्त म्हणून उभे!

शेवटी दादानेच काम आणलं. तो रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत गाडी चालवायचा. घड्या घालायच्या, वीस-वीसच्या थप्प्या बांधायच्या. अर्जात 'मोजणी येते का?' या रकान्यात दादाने बेधडक 'हो' लिहिलं आणि खाली जामीन म्हणून सही ठोकली. "कोण बघतंय!" म्हणाला.

पहिल्या दिवशी मुकादमबाईंनी एक थप्पी मोजून दाखवली. भोपळीने हळूच कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरला, तर थप्पी बरोबर मनगटाशी! झालं काम. त्यानंतर तिने एकही चादर मोजली नाही. कोपर टेकवायचं, मनगट आलं की दोरी बांधायची. दोन महिने एक चादर इकडची तिकडे झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला "हुशार आहेस" म्हणालं, तेव्हा ती मोरीत जाऊन रडली.

मग नव्या चादरी आल्या. अंगाला पातळ. मनगटापर्यंत आता वीसच्या जागी पंचवीस-सव्वीस बसू लागल्या, पण तिला कोण सांगणार? थप्प्या बाहेर जात राहिल्या. जास्तीच्या चादरी आल्या म्हणून ओरडणारा वॉर्ड आजवर कुणी पाहिलाय? पंधरवड्यात लाँड्रीत दीडशे चादरी कमी पडल्या.

मुकादमबाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "कुणाला विकल्यास?"

"नाही हो बाई! मी हातावर मापते. मला… मला मोजताच येत नाही."

हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोलीसाठी तिने तेही सांगून टाकलं.

"एवढी घोडी झालीस आणि वीस मोजता येत नाहीत? कुणाला बनवतेस?" बाईंनी दादाला बोलावलं आणि अर्ज त्याच्यासमोर धरला. "सही तुमची. खोटं लिहिलं असेल तर आत्ताच सांगा, दोघांचाही हिशोब करून टाकते."

भोपळीने दादाकडे पाहिलं. तिला खात्री होती, अगदी शंभर टक्के. ज्या गोष्टीवरून त्याने जन्मभर चारचौघांत तिचं हसं केलं, ती एकदा, फक्त एकदा, त्याने खरी म्हणून सांगायची होती.

दादाने घसा खाकरला. "येते की तिला मोजणी. चांगली येते."

तिला तिथल्या तिथे काढलं. दारापर्यंत तिच्यामागे येऊन तो पुटपुटला, "माझी पोरंबाळं आहेत गं. जरा समजून घे."

बातमी तिच्याआधी गल्लीत पोहोचली. शिंपिणीने तिला येताना पाहिलं आणि मान खाली घालून मशीन चालवत राहिली.

संध्याकाळी वहिनीने कपड्यांच्या कपाटाला नवंकोरं कुलूप लावलं आणि किल्ली दादापुढे धरली. ही बाई चोर नाही, हे त्या घरात त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने किल्ली घेतली आणि खिशात टाकली.