अण्णांची वही, दुरुस्त्यांसह

मदत केंद्राच्या बाईंनी एका पानाचा कागद दिला होता. त्यावर आठ ओळी. औषधं कोणती आणि केव्हा, खायला काय, चालताना आधार लागतो का, अडचण आली तर फोन कुणाला करायचा. संपलं. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ दोन तास कुणी परकं बसणार असेल, तर त्याला एवढं कळलं तरी पुरे, असं बाईंचं म्हणणं.

आमच्या मास्तरला ते कुठून पटायला? तिनं शंभर पानी वही आणली आणि दोन दिवसांत बेचाळीस पानं भरून काढली.

मास्तर म्हणजे बाई आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिवणकामाच्या दुकानात कापड बेतून कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि ही चौदा वर्षं एका दुकानात मास्तर होती. कोटाचं कापड टेबलावर पसरलं की खडूची रेघ दुसऱ्यांदा मारायची वेळ यायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे सासरे बाथरूममध्ये घसरले आणि कंबरेचं हाड मोडलं. नवरा मालगाडीवर चालक, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. मग हिनंच काम सोडलं आणि घरी बसली. हाड सांधलं, सासरे काठी टेकत घरभर हिंडायला लागले, पण मास्तरचा जीव काही जाग्यावर आला नाही. खोलीत खुट्ट झालं की ही दारात हजर.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापायच्या आधी कागद त्यांच्यासमोर यायचा आणि लाल पेन्सिलीच्या खुणांनी भरून परत जायचा. आता हात थोडा थरथरायचा, गोळी घेतली की नाही ते आठवायचं नाही, आणि एकदा नळ चालू ठेवून झोपले होते. बाकी डोकं शाबूत, आणि जिभेची धार तर कणभर कमी झाली नव्हती.

अशात दुकानाच्या मालकांचा फोन आला. "आठवड्यातून तीन दिवस ये, सकाळचीच. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांग. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

त्या दिवशी मास्तरला घास गोड लागला नाही. जावंसं इतकं वाटत होतं की तिची तिलाच लाज वाटली. म्हणून ती वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या मदत केंद्रात गेली. घरी म्हातारं माणूस सांभाळणारे तिथं बुधवारी जमायचे. कुणी आईचं करत होतं, कुणी नवऱ्याचं. एक गृहस्थ म्हणाले, आई आत आंघोळीला गेली की मी दाराला कान लावून उभा असतो. मास्तरला वाटलं होतं, असं फक्त आपणच करतो. ती आधी हसली आणि मग सगळ्यांदेखत रडली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकीनं तिच्यापुढं चहा सरकवला आणि आपलं बोलणं पुढं चालू ठेवलं.

केंद्राच्या बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी विचारलं, "एकटी म्हणून शेवटची कधी बाहेर पडलात?"

"ही काय, आत्ता."

"घरी कोण आहे?"

"नवरा. पण मी त्याला तीनदा फोन केलाय."

बाईंनी तो आठ ओळींचा कागद काढला. केंद्राकडे शिकवून तयार केलेले सोबती होते. शुक्रवारी सकाळी दहाला एक जण येऊन दोन तास अण्णांजवळ बसणार होता. अट एकच: तेवढा वेळ घरच्या माणसानं घराबाहेर राहायचं.

शुक्रवारी सोबती आला तो निवृत्त पोस्टमन. उंच, वाकलेला, हसरा. मास्तरनं वही पुढं केली, तशी त्यानं ती हातावर तोलून पाहिली.

"यावर तिकीट कमी लावलंय," तो म्हणाला.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं. पोस्टमन आज्ञाधारक. तो खोलीत जाऊन केवढ्यानं तरी ओरडला, "अण्णा, नमस्कार!"

"नमस्कार," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "आग कुठं लागलीय?"

मास्तरनं पायांत चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. गोळीची आठवण केली, काठीची केली. शेवटी अण्णाच म्हणाले, "अगं जा की आता. दोघांना मिळून एक दरवाजा लावता येईल."

ती गेली, पण कुठवर? समोरच्या बसथांब्यापर्यंत. तिथल्या बाकावरून घराची खिडकी स्वच्छ दिसते. घराबाहेर राहायचं म्हणाले होते, किती बाहेर ते कुणी सांगितलं नव्हतं. एक बस गेली. दुसरी गेली. तिसऱ्या बसच्या चालकानं डोकं बाहेर काढलं.

"बाई, यायचंय का?"

"नाही, मी खिडकी बघतेय."

चालकानं खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी काढली. तेवढ्यात खिडकीत अण्णा आले. मास्तर ताडकन उठली. पडले तर? तो माणूस कुठाय? अण्णांनी रस्त्यापलीकडे नजर टाकली, तिला बरोबर हेरलं, काठी उचलून तिच्याकडे रोखली, आणि मग सावकाश, एका हातानं, पडदा ओढून घेतला.

मास्तर परत बाकावर बसली. मग तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. चौथ्या बसमध्ये ती चढली.

दुकानात गरम इस्त्रीचा तोच वास होता. तिच्या टेबलावर भलत्याच कुणाचे कप ठेवलेले. तिनं ते उचलले, टेबल पुसलं, खडू बोटांत धरून पाहिला. मालक म्हणाले, "मग? येतेस ना?" उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण नळाची आठवण आली, बाथरूमची आली, आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"संध्याकाळी कळवते."

बाराला ती घरी पोचली तर अण्णा जाग्यावर, शाबूत, आणि त्यांच्या हातात लाल पेन्सिल. पोस्टमन ओशाळून उठला. "मला सहाच पानं वाचायला मिळाली. मग यांनी वही काढूनच घेतली. गोळी मात्र वेळेवर दिली, बरं का." पुढच्या वेळी पत्ते घेऊन येतो, असं अण्णांना सांगून तो गेला.

मास्तरनं वही उघडली आणि खालीच बसली. बेचाळीस पानं लालेलाल.

'ऐकू कमी येतं' यावर काट, आणि समासात थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात: ऐकू येते. उत्तर द्यायचे नसते.

'दुपारी दोन ते चार झोपतात.' समासात: डोळे मिटून पडतो. सूनबाईला तेवढीच विश्रांती.

'भोपळ्याचं सूप फार आवडतं.' इथं आधी नुसता 'फार' खोडला होता. मग बहुधा विचार करून 'आवडतं'सुद्धा. समासात: दोन वर्षे सहन केले.

"अण्णा," मास्तर म्हणाली, "रोज वाटी चाटूनपुसून संपवत होतात की."

"तू गाळून, गार करून आणायचीस. कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

"आणि मी ते तुम्हाला आवडतं म्हणून करत होते. मला त्या भोपळ्याचा वाससुद्धा सहन होत नाही."

दोघं एकमेकांकडे बघत बसली. दोन वर्षं आपण एकमेकांवर केवढी माया केली आणि त्यात किती भोपळे फुकट गेले, याचा हिशेब लागेना.

शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'मी घरात नसले की ते घाबरतात.' त्याखाली रेघ, बाजूला प्रश्नचिन्ह, आणि शेरा: पुरावा नाही. लेखिका आज बसथांब्यावर आढळली. कोण घाबरते ते तपासावे.

तिनं पान उलटलं. पुढचं पान तिनं कोरं सोडलं होतं, पण आता ते कोरं नव्हतं. वर मथळा होता: 'मास्तरविषयी, सोबत्यास सूचना.'

'बाहेरून आल्यावर आधी चहा द्यावा. लगेच काही विचारू नये. मी ठीक आहे असे म्हणाल्यास विश्वास ठेवू नये. कात्री हातात आली की गुणगुणते. घरी काही बेतायला घेतले की शेजारच्या खोलीत ऐकू येत असे. दोन वर्षे बंद आहे. मला करमत नाही.'

मास्तरच्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट झाली. ती उठून अण्णांच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. अण्णांना असल्या गोष्टी जमायच्या नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर पेन्सिलीसकट हात ठेवला.

"फोन कर," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कशाला थांबतेस? आणि बाथरूममधलं ते पायपुसणं बदल. मी त्यावरून घसरेन, पोस्टमनसुद्धा घसरेल."

तिनं आधी पायपुसणं बदललं आणि मग फोन केला. "सोमवारपासून येते," ती म्हणाली. पलीकडून मालक बरंच काही बोलत होते, तिला त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. बटाटे चिरायला घेतले, कांदा घेतला. कपाटाच्या तळाशी भोपळा बसला होता, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ताटं घेऊन ती खोलीत आली तेव्हा वही अण्णांच्या मांडीवर उघडी होती. 'मास्तरविषयी'च्या त्या पानावर 'दोन वर्षे बंद आहे' या शब्दांवरून लाल रेघ गेली होती, अगदी ताजी, आणि पेन्सिल अजून त्यांच्या बोटांत होती.

"हे कधी खोडलंत?" तिनं विचारलं.

"आत्ताच," अण्णा म्हणाले. "तू कांदा चिरत होतीस तेव्हा."