उसना नवरा

शेजारणीला मी आजवर काय काय उसनं दिलंय. साखर दिली, कात्री दिली, शिडी दिली, पाहुणे आले तेव्हा गादीसुद्धा दिली. पण त्या उन्हाळ्यात सिस्टर माझ्या दारात येऊन म्हणाली, "वहिनी, भाऊंना जरा आमच्याकडे पाठवता का? आईचा नवरा म्हणून?" तेव्हा हातातली सुई सरळ माझ्या बोटात गेली.

"शुद्धीवर आहेस ना?" मी बोट चोखत विचारलं.

सिस्टर म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी नर्स. आरोग्यकेंद्रात नोकरीला आहे, म्हणून सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, कधी कधी तिची आईसुद्धा. आई म्हणजे आक्का. वय झालेलं, छाती अगदी नाजूक आणि डोक्यातलं सामान सगळं इकडचं तिकडे. आत्ता जेवल्या की नाही ते आठवायचं नाही, पण स्वतःच्या लग्नात कोण कशावरून रुसलं होतं ते खडान्‌खडा सांगायच्या.

धूर येऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. डोंगरापलीकडचं जंगल पेटलं होतं. आग आमच्यापर्यंत आली नव्हती, धूर मात्र मुक्कामालाच आला होता. त्याआधीचे दोन पावसाळे कोरडे गेलेले, तळ्याच्या जागी भेगा पडलेल्या आणि नळाला दिवसाआड थोडं पाणी. उकाडा असा की भिंतीला पाठ टेकावी तर भिंतच गरम लागायची. दिवसभर सगळं पिवळट, तांबूस दिसायचं. सूर्य इतका मवाळ झाला होता की त्याच्याकडे सरळ बघत बसता यायचं. आमच्या कोंबड्या भर दुपारी झोपायला फांदीवर चढायच्या, मग चूक कळली की खाली उतरायच्या, थोडं टिपायच्या आणि पुन्हा चढायच्या. राख पडायची तीसुद्धा हळूहळू, चाळणीतून पीठ पडावं तशी.

माणसांचं तरी काय वेगळं होतं? बसल्या जागी डोळा लागायचा. मी शिलाई करते. कॉलर शिवायला घ्यावी आणि बाही येईपर्यंत स्वप्नात पोचावं, असं चाललं होतं. स्वप्नात हमखास पाणी वाहायचं. जाग आली की कळायचं, मशीनचं चाक फिरतंय आणि आपला पाय झोपेतच चालू आहे. एकदा समोरची बाई विचारायला आली की आज आज आहे की उद्या झाला, आणि मी खरंच विचारात पडले.

तर आक्का. त्यांचे यजमान जंगलात गार्ड होते. उभा जन्म दिवेलागणीला घरी यायचे आणि उन्हाळ्यात आले की त्यांच्या कपड्यांना धुराचा वास असायचा. त्यांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, अंथरुणात, खोकत खोकत गेले. पण हे आक्कांना कोण सांगणार? बाहेर अंधारून आलंय आणि धुराचा वास येतोय, म्हणजे हे घरी यायला निघाले. आक्कांच्या लेखी इतकं ते सरळ होतं. त्या उठून फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या, दिवसातून चारदा, पाचदा, जितक्या वेळा बाहेर संध्याकाळ व्हायची तितक्या वेळा. आणि ते आल्याशिवाय आत यायला तयार नसायच्या.

"डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय," सिस्टर म्हणाली. "दारं-खिडक्यांना ओल्या चादरी लावा आणि यांना बाहेर पडू देऊ नका. अशीच धुरात उभी राहिली तर आई जाईल वहिनी. कडी लावून बघितली, तर दार बडवून बडवून छाती भरली तिची. परवा पोस्टमन आला, तो तिला बाबा वाटला. त्याच्या मागोमाग मुकाट्यानं आत गेली. आता रोज पाचदा पोस्टमन कुठून आणू?"

आमचे हे आतल्या खोलीत तोंडावर ओला पंचा टाकून पडले होते. हे पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. विहिरीच कोरड्या, तर मोटार सुरू करून माणूस काय वारा उपसणार? तेव्हा काम नव्हतं आणि बोलणं त्याहून नव्हतं. यांच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली कुठे ठेवलीय ते यांनाच आठवत नाही, अशी गत.

"मी काय नाटकात काम करतो?" पंच्याखालून आवाज आला.

"घरात तरी कुठलं काम करताय?" मी म्हटलं.

झालं. सिस्टरनं सगळं शिकवलं. पायरीवर बूट दोनदा आपटायचे, घसा खाकरायचा, टोपी दाराआडच्या खिळ्याला लावायची. मी अंगणाच्या भिंतीवरून मान काढून बघत होते. हे आक्कांच्या बाजूनं फाटकातून आत गेले आणि यांनी पायरीवर बूट असे आपटले की कोंबड्या फांदीवरून खाली पडता पडता राहिल्या. आक्कांनी वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवला.

"आलात? किती उशीर," त्या म्हणाल्या आणि यांच्या पुढे चालत आत गेल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट सिस्टर सांगायला विसरली होती. आक्का आतून झाकण हरवलेली इनॅमलची किटली घेऊन आल्या, काठोकाठ भरलेली. नवरा रानातून आला की पायरीवर त्याच्या पायांवर पाणी ओतायचं, ही त्यांची जन्माची सवय. सिस्टरचं तोंड पडलं. इथे प्यायचं पाणीसुद्धा आम्ही पेल्यानं मोजून घेत होतो आणि ही बाई दिवसातल्या प्रत्येक संध्याकाळी किटलीभर पाणी पायावर ओतणार. मी धावत जाऊन घरातलं पसरट घमेलं आणून यांच्या पायाखाली सरकवलं. त्या पाण्यात आम्ही दोन्ही घरांच्या चादरी भिजवायला लागलो. स्वतःच्या नवऱ्याच्या पायधुणीतून गाळलेली हवा घेणारी जगात मी एकटीच असेन.

असे दिवस चालले. दिवस म्हणायचं आपलं, एका संध्याकाळीतून दुसऱ्या संध्याकाळीत जायचं इतकंच. हे उठायचे, बूट घालायचे, मागच्या दारानं लांबून फिरून आक्कांच्या फाटकाशी जायचे. आणि मग तिथे मुक्काम वाढायला लागला. ओल्या चादरीतून आवाज येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"गुडघा दुखतोय का आज?" आक्का विचारायच्या.

"दुखतोय," हे म्हणायचे. "चढ चढताना जास्त."

"आणि मन?"

मी मशीनवर पाय थांबवला.

"हात शिवशिवतात," हे म्हणाले. "काम नाही तर माणूस घरात अडगळीसारखा वाटतो. कुठे बसावं कळत नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. अडगळीचं तर नाहीच नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "तिकडे बरी वाचा फुटते."

हे बूट काढायला खाली वाकले. मग म्हणाले, "त्या विचारतात."

एवढंच. मी त्या दिवशी मशीन जरा जास्तच जोरात चालवलं आणि एका चांगल्या सदऱ्याला खिसा उलटा लावला.

मग वारा फिरला. आग डोंगराच्या या अंगाला उतरतेय अशी खबर आली आणि गावातली धडधाकट माणसं पायथ्याशी पट्टा साफ करायला निघाली. झुडपं तोडून, पाला ओढून मोकळी जागा करायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. हेही निघाले. कुऱ्हाड घेतली, पंचा भिजवून गळ्यात टाकला. कधी येणार ते यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्यात ती पद्धतच नव्हती.

सिस्टर आरोग्यकेंद्रात अडकलेली, तिथे खोकणाऱ्या माणसांना उभं राहायला जागा नव्हती. आक्का माझ्या हवाली, म्हणून मी त्यांच्याच घरात बसले होते. धूर इतका खाली उतरला की दारातून फाटक दिसेना. घड्याळात दुपार होती, पण घड्याळाकडे आता कोण बघतंय. मी चादर भिजवायला वळले आणि परत बघते तर आक्का नाहीत. धावत गेले, तर फाटकाचा गज घट्ट धरून उभ्या, आणि छातीतून नुसती शिट्टी वाजतेय.

"आक्का, आत चला."

"ते येऊ देत. मग येते."

मी हात धरून ओढलं, गोड बोलले, रागावले. त्या वयाच्या बाईच्या मुठीत एवढं बळ असतं हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी आमच्या घरात जाऊन यांचे जुने बूट पायात अडकवले आणि आक्कांच्या पायरीवर दोनदा आपटले. घसाही खाकरला, चांगला भरदार.

"कोण गं ती बूट आपटतेय? वेडबिड लागलंय का?" आक्का मान न वळवता म्हणाल्या.

मी तशीच फाटकाशी परत आले, तेवढ्यात धुरातून सायकलवर दूधवाला आला. त्याच्या पापण्यांवर राख होती. न थांबताच म्हणाला, "आगीनं पट्टा ओलांडला. पलीकडच्या माणसांचं काही कळत नाही." आणि धुरात दिसेनासा झाला.

मी तशीच उभी राहिले, पायात ते ढगळ बूट. आक्कांना आत न्यायचंय हे मी साफ विसरले. फाटकाचा दुसरा गज माझ्या हातात कधी आला कळलंच नाही. डोळे चुरचुरत होते, श्वास आत जात नव्हता, आणि मला तिथून हलायचं नव्हतं.

"आक्का," मी म्हटलं, "आमचे हे आले नाहीत हो अजून."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रस्ता सोडून दुसरीकडे बघत होत्या. गजावरचा हात सोडून त्यांनी माझा हात धरला.

"चल आत," त्या म्हणाल्या. "छातीला बाधेल तुझ्या."

ज्या बाईला अख्ख्या गावाला आत नेता येत नव्हतं, ती मला आत घेऊन गेली. खाटेवर बसवलं, माझ्या पायातले बूट काढले, दाराची चादर नीट ओढली. मी रडत होते. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू त्यांच्या छातीतली शिट्टी कमी झाली, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"मीपण फार उभी राहिलेय फाटकात," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं म्हणून कुणी लवकर येत नाही गं." मग थोड्या वेळानं, अगदी सहज, "तुझे हे डावा पाय आधी पुढे करतात. आमचे उजवा करायचे."

मी रडायची थांबले. "म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"कधी कळतं. कधी नाही."

"मग पाणी का ओतत होता?"

"दमलेला माणूस दारात येतो," आक्का म्हणाल्या. "त्याला काय, तू तो नाहीस म्हणून परत पाठवू?"

डावा पाय. मी डोळे मिटून आठवायला लागले. यांचे पाय कसे आहेत, चालताना कुठला आधी पडतो, कुठला गुडघा दुखतो. काही म्हणजे काही आठवेना. एका छपराखाली इतकी वर्षं काढली आणि या माणसाचे पाय मला बघितल्यासारखे आठवत नव्हते. शेजारणीला माहीत होते. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

आम्ही दोघी तशाच बसलो. तांबूस उजेड चादरीतून आत झिरपत होता, चादरीचं पाणी एक एक थेंब घमेल्यात पडत होतं. मला झोप लागली असावी. सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या होत्या आणि हे एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जात होते, पाठमोरे. मी हाक मारत होते आणि मोटारींच्या आवाजात त्यांना ऐकू जात नव्हतं.

पायरीवर बूट आपटले. दोनदा.

"ऊठ," आक्का म्हणाल्या. "आले बघ."

कुणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलंही नाही. त्यांनी कोपऱ्यातली किटली उचलली, कानाशी हलवून बघितली. तळाला थोडं पाणी होतं. दारापर्यंत गेल्या आणि वळून ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"धर. माझा हात दुखतोय आज."

मी चादर बाजूला केली. हे पायरीवर उभे होते, भुवया करपलेल्या, अंगभर काजळी, नुसते डोळे तेवढे ओळखीचे. आमच्या पायरीवर न जाता आक्कांच्या पायरीवर आले होते. माझ्याकडे बघून गोंधळले.

"तू इथे?"

मला ओरडायचं होतं. कुठे होता, जिवाचं काही वाटतं की नाही, मागे कुणी आहे याची काही शुद्ध आहे का. सगळं तोंडाशी आलं होतं.

"गुडघा दुखतोय का?" मी विचारलं.

मग त्यांनी बूट काढले, घमेलं पायानं जवळ ओढलं.

"दुखतोय," ते म्हणाले. "फार दुखतोय."

मी किटली तिरकी केली. त्यांनी डावा पाय पुढे केला.