एका दाराची बोहणी

२००३ सालचा डिसेंबर होता. मंगळवारी सकाळी साऊ मावशीनं रश्शाच्या पातेल्याखालचे निखारे मागे ओढले, झाकणावर वीट ठेवली आणि पायांतल्या रबरी सपाता नळाखाली धुऊन पुन्हा घातल्या. एरवी ती असं करत नसे. पण आज तिला वॉर्डाच्या कचेरीत जायचं होतं आणि तिथली फरशी नवी होती.

"दिएप, कांद्याची पात चिरून ठेव. दुपारच्या आत येते."

"दुपारच्या आत?" भाची हसली. "मागच्या खेपेलाही असंच सांगून गेलीस, मावशी. मग आठवडाभर रोज जात राहिलीस."

"तेव्हा सहा दारं होती. आता एकच केलंय."

"दार एक. पण त्याच्यामागे साहेब सहाच की!"

मावशीनं कागदांची प्लास्टिकची पिशवी काखेत मारली आणि ती निघाली.

मेकाँगच्या एका फाट्यावर राच मॉयचा बाजार भरायचा. घाटाच्या पायऱ्या जिथे संपतात तिथे, कोपऱ्यावर, साऊ मावशीची तांदळाच्या शेवयांची चूल होती. घरात मुलांना आकड्यानं हाक मारायची तिथली रीत; हिचा आकडा सहा, म्हणून साऊ. त्या भागात माणसाचं खरं नाव फक्त कागदावर असतं. आणि अडलं होतं ते नेमकं कागदावरच. कोपऱ्याचा परवाना तिच्या नवऱ्याच्या नावावर होता आणि नवरा कधीचा नदीनं नेला होता. आता बाजारावर नवीन छप्पर येणार होतं. ज्याच्या स्वतःच्या नावावर परवाना, त्यालाच छपराखाली जागा, असं फर्मान निघालं होतं, आणि मुदत होती महिनाअखेरची. मावशीनं सगळी दारं पालथी घातली होती. वॉर्डाचा शिक्का मिळेपर्यंत आरोग्य खात्याच्या दाखल्याची मुदत संपे. तो नवा करून आणावा तर बाजार व्यवस्थेचा साहेब बदललेला असे. तो कोपरा गेला असता तर तिला चूल मांडायला दुसरी जागा नव्हती, आणि दिएपला तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

कचेरीसमोरच्या बदामाच्या झाडाखाली ही गर्दी! न्हावी, शिंपीण, तांदळाचे व्यापारी, बदकांची अंडी विकणाऱ्या दोघी बहिणी. सगळ्यांच्या हातांत मावशीसारख्याच पिशव्या. सहाही खाती एकत्र आणलेल्या नव्या कचेरीचं एकुलतं दार आज पहिल्यांदाच लोकांसाठी सताड उघडं होतं. आत पंखा फिरत होता, चहाची किटली वाफाळत होती. पण आत गिऱ्हाईक म्हणून एकही माणूस नव्हता.

"ताम काका, आत का नाही जात?" मावशीनं विचारलं.

ताम काका किल्ल्या बनवायचे. बाजारातल्या निम्म्या कुलपांची आणि सगळ्या भानगडींची किल्ली त्यांच्याकडे असे.

"जातो की. आधी कुणीतरी जाऊ दे."

"तुम्ही तर पहाटेच आलात म्हणे."

"पहाटे आलो म्हणून काय मीच बळी जाऊ? न्हाव्याला पाठवा. त्याला गळे कापायची सवय आहे."

हशा पिकला. न्हावीही हसला, पण जागचा हलला नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणीच बोलत नव्हतं. बाजारात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहणी. बोहणी जशी, तसा दिवस. पहिल्या माणसानं घासाघीस केली, किंवा काही न घेताच तो परत गेला, की संध्याकाळपर्यंत माशा मारत बसायचं. इथे तर दिवसाची नाही, अख्ख्या कचेरीची बोहणी होती. उद्या तिथे काही बिनसलं असतं तर लोकांनी जन्मभर पहिल्याच माणसाच्या नावानं बोटं मोडली असती. त्यातून प्रांताच्या साहेबांनी मुहूर्त काढला तो भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरवरून. चांद्र महिन्याचा तो तेविसावा दिवस होता. पाचवा, चौदावा आणि तेविसावा, या तीन दिवशी नुसतं फिरायला निघालेला माणूसही खोट खाऊन येतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी आदल्या दिवशी लाल फीत कापली होती, हे खरं. पण घरचीच माणसं घरात शिरली, याला कुणी बोहणी म्हणत नाही.

आणि आतल्यांनाही हे ठाऊक होतं. खिडकीमागे पांढऱ्या शर्टात बसलेला ख्येम तर न्यान काकूचा मुलगा, मासळीच्या पाट्यांमध्ये वाढलेला. पण सरकारी कचेरीत बसून असलं काही बोलायची सोय नव्हती. तो मधून मधून दारात येई.

"या ना आत! पंखा आहे, चहा आहे."

"हो हो, येतो ना," सगळे मान डोलावत. हलत मात्र कुणी नसे.

प्रांताहून आलेले चष्मेवाले गृहस्थ आत घड्याळाकडे बघत बसले होते. उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज बाहेर आला. "लोकांना हे नको असेल तर तसं वर कळवू. जुनी व्यवस्था काही वाईट नव्हती. दुपारी माझी बोट आहे."

झाडाखाली चुळबुळ झाली. जुनी व्यवस्था म्हटल्यावर शिंपिणीनं तर डोळेच मिटून घेतले. पण पाऊल कुणाचंच उचललं नाही.

साऊ मावशी सगळ्यांत मागे, कुंपणाला टेकून उभी राहिली होती. तिथे उभं राहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नसे. नवऱ्याची नाव बुडाली त्याच वर्षी एका कापडवाल्याकडे सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून ती गेली आणि त्या रात्री त्याचं दुकान जळालं. तेव्हापासून ती पांढऱ्या पायाची ठरली. पुढे ती स्वतःच सांभाळून वागू लागली. मासळी घ्यायला ऊन चढल्यावर जायची, सगळ्यांचं घेऊन झाल्यावर. नववर्षाच्या पहिल्या दिवशी, तेतला, कुणाचा उंबरा ओलांडायची नाही. आणि कधी चुकून लवकर एखाद्या दुकानाशी थांबलीच, तर परत निघताना मागे वळून बघायची नाही. पाठीमागून कागद जळाल्याचा वास आला की तिला कळायचं, दुकानदार आपला वाईट पायगुण जाळतोय. तिला राग येत नसे. वाऱ्याचा राग कोण धरतो?

ख्येम तिसऱ्यांदा दारात आला. या वेळी त्यानं कुणाला बोलावलं नाही. पायरी उतरून तो गर्दीतून वाट काढत सरळ कुंपणापर्यंत गेला, साऊ मावशीसमोर उभा राहिला आणि तेतच्या सकाळी पहिल्या पाहुण्याला बोलावतात तसे त्यानं दोन्ही हात पुढे करून मान लववली.

"मावशी, आमची बोहणी करतेस?"

"अरे पोरा, शुद्धीवर आहेस ना?" ताम काकांना राहवेना. "आईला विचारलंस का?"

"विचारलं."

"मग?"

"आई म्हणाली, साऊ सगळ्यांच्या मागून येऊन उरलासुरला मासा नेते, पण तिनं आजवर कधी भाव केला नाही. असलं सोन्यासारखं गिऱ्हाईक मी रोज शेवटाला ठेवलं, माझ्याएवढी गाढवी बाजारात दुसरी नसेल."

कुणीतरी हसलं. मावशीनं पिशवी छातीशी धरली.

"साहेब, नको. दुसऱ्या कुणाला तरी न्या."

"साहेब काय म्हणतेस? मला कडेवर घेऊन शेवया भरवल्यास तू."

"तेव्हा तू दुपारचा यायचास. तुझी आई पाठवायची ती दुपारचीच." ती हळू आवाजात म्हणाली. "उद्या इथे आग लागली तर माझं नाव घेतील रे."

"लागली तर बंबाचं खातंही आता याच दारामागे आहे. लांब जावं लागणार नाही."

मावशीच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं समोर बघितलं. माणसं दोन्ही बाजूंना सरकली होती. एरवीही ती तिच्यासाठी सरकत. पण आज मधली वाट दाराकडे जात होती.

उंबऱ्याशी तिनं धुतलेल्या सपाता काढून ठेवल्या. कचेरीत त्याची गरज नसते, पण तिला ते सुचलं नाही. उजवं पाऊल आधी टाकून ती अनवाणी आत गेली.

झाडाखालची सगळी माणसं खिडक्यांशी गोळा झाली.

ख्येमशेजारच्या मुलीनं कागद उलटले. ती जुन्या कचेरीतलीच होती. हाताला आणि तोंडाला जुनं वळण होतं.

"आरोग्याच्या दाखल्याची मुदत गेल्या आठवड्यात संपली, मावशी. आधी तिकडे जाऊन नवीन..."

एवढं बोलून ती थांबली. तिचं तिलाच कळलं. खिडकीतल्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं होतं. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत निघालं होतं! प्रांताच्या गृहस्थांनीही चहाचा पेला खाली ठेवला. तेही कुण्या बाजारकरणीचेच चिरंजीव असावेत.

"बैस, मावशी," ख्येम म्हणाला. "तू कुठे जायचं नाहीस. कागद जाईल."

तो स्वतः दाखला घेऊन मागच्या खोलीत आरोग्याच्या साहेबांकडे गेला. पातळ भिंतीमागचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आज माझा तपासणीचा वार नाही."

"मग काय, पातेलं इथे चालत येईल? तुम्हीच जाऊन या."

"अरे, पद्धत म्हणून काही आहे की नाही?"

"तात्या, ती आमची बोहणी आहे."

मग मागच्या अंगणात स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकून बसली. कुणीतरी चहा दिला. तो तिनं फुंकर मारून मारून, जणू अर्ध्या तासाचं काम असल्यासारखा प्याला. स्कूटर परतली तेव्हा आरोग्याचे साहेब रुमालानं तोंड पुसत होते. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"जागा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "मिरची जरा कमी घालत जा."

"खाल्लंत की काय?"

"तपासणी नुसती बघून होते होय?"

"पैसे दिलेत ना?" मावशीनं घाबरून विचारलं.

"दिले. न मोजता दिले. तुझी भाची म्हणाली, सगळं गिऱ्हाईक इकडे येऊन उभं राहिलंय, तर आज तिची बोहणी मीच."

खिडक्यांतून हसण्याचा लोंढा आत आला. त्या गडबडीतच शिक्का पडला. ख्येमनं परवाना दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. त्यावर तिचं खरं नाव होतं, जे बाजारात कुणालाच माहीत नव्हतं. मावशीनं ते बोटानं चाचपून बघितलं, शाई वाळली आहे ना म्हणून, आणि कागद पिशवीत ठेवला.

बाहेर येऊन तिनं सपाता घातल्या आणि ती चालू लागली. फाटकाशी पोचते न पोचते तोच मागे काडी ओढल्याचा आवाज आला. तिच्या ओळखीचा आवाज. आजवर या आवाजाला तिनं कधी वळून बघितलं नव्हतं. आज ती वळली.

ताम काका पायरीशी उभे होते. एका हातात पेटती काडी, दुसऱ्या हातात चुरगळलेला कागद. दोघांची नजरानजर झाली. काडी बोटांपर्यंत जळत आली. काकांनी कागद खाली टाकला, शेजारच्या न्हाव्याच्या खिशातून एक सिगारेट उपसली आणि घाईघाईनं पेटवली. सिगारेट सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती. त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"बघतेस काय?" ते खोकत खोकत ओरडले. "घरी जा! गिऱ्हाईक वाट बघत असेल."

आणि सिगारेट तशीच हातात घेऊन ते आत शिरले. त्यांच्या मागोमाग न्हावी, शिंपीण, अंडीवाल्या बहिणी. दारात चेंगराचेंगरी झाली.

प्रांताच्या गृहस्थांची दुपारची बोट चुकली. संध्याकाळच्या बोटीनं ते गेले आणि वर काय सांगितलं कुणास ठाऊक, पण राच मॉयचं एक दार तसंच राहिलं, आणि पुढे नदीकाठच्या इतर गावांतही तसली दारं झाली. कागद चालेल, माणूस बसेल, ही तिथली रीतच पडून गेली. आरोग्याचे साहेब निवृत्त होईपर्यंत दर आठवड्याला तपासणीला येत आणि दोन वाडगे तपासून जात. न्यान काकू रोज सकाळी पाटी उघडली की पहिला मासा कोपऱ्यावर पाठवायची. ताम काकांची सिगारेट मात्र पुन्हा सुरू झाली ती कायमची. त्यांची बायको म्हणायची, साऊच्या पायगुणानं वाईट झालं ते एवढंच. ख्येमला जिल्ह्याला बढती मिळाली, पण वर्षभरात तो परत आला. तिथला चहा चांगला नव्हता म्हणे.

नवीन छपराखालच्या कोपऱ्यावर साऊ मावशीनं बरीच वर्षं चूल चालवली. आणि दर वर्षी तेतची सुट्टी संपून कचेरी उघडली की लोक बदामाखाली थांबून राहायचे. मावशी आधी आत जायची. कधी काम असे, कधी नसे. नसलं की ती कुठल्याशा कागदाची नक्कल काढून मागायची आणि तिच्यावर शिक्का मारून घ्यायची.

एका वर्षी ती तेतच्याच दिवसांत, दुपारची झोपली ती उठली नाही. कचेरी उघडली त्या दिवशी सकाळी दिएप आली. झाडाखाली माणसं उभी होती, पण आत कुणी गेलं नव्हतं. तिच्या हातात मावशीचा कागद होता. मृत्यूची नोंद करायची होती. ती कुंपणाशीच थांबली.

ख्येम पायरी उतरून तिच्याकडे गेला. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"सगळ्यांचं होऊ दे, काका," दिएप म्हणाली. "वर्षाचं पहिलं काम हे असलं नको."

"कागद कुणाच्या नावाचा आहे?"

तिनं सांगितलं. ख्येमनं दोन्ही हात पुढे केले आणि मान लववली. माणसं दोन्ही बाजूंना सरकली.

दिएपनं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि उजवं पाऊल आत टाकलं. बदामाखाली ताम काकांच्या ओठांत सिगारेट होती. दिएप आत जाऊन परत येईपर्यंत त्यांनी ती पेटवली नाही.